सुनेच्या पदरातली गोळी

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता विसरलो. छावणीत कोसळलेल्या त्या टँकर ड्रायव्हरचं प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं समोर उभं राहतं. नावं सांगणार नाही, त्या घरची माणसं अजून नांदती आहेत. मी सातवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार म्हणून घरी बसलो. लिहायची सवय स्टेशन डायरीची, तेवढीच. तसंच लिहितो.

त्या साली सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता. माजलगाव धरणाचा तळ दिसत होता. मी हवालदार होतो आणि तेलगावकडचं बीट माझ्याकडे होतं. तिथं एका सहकारी दूध संस्थेनं जनावरांची छावणी उघडली होती. कारखान्याकडून चाऱ्याला उसाचं वाढं यायचं, पाणी टँकरनं यायचं. माणसं जनावरांबरोबर तिथंच राहायची आणि तिथंच भांडायची. कुणाची पेंडी कुणी ओढली, कुणाची घागर कुणी मागं सरकवली, आमच्या ठाण्यातल्या निम्म्या तक्रारी असल्याच.

एक दिवस सकाळी हजेरी चालू असताना पोलीस पाटलाचा फोन आला.

"जमादार, लवकर या. संस्थेचा टँकर ड्रायव्हर पडलाय. लालभडक झालाय, उलट्या थांबंनात. त्याचा भाऊ म्हणतो, वहिनीनं इख घातलं. लोक लई तापलेत, बाईला हाणतील."

मी एक शिपाई आणि एक महिला शिपाई घेऊन निघालो. पोचलो तेव्हा ड्रायव्हरला संस्थेच्या जीपमधून माजलगावच्या सरकारी दवाखान्यात नेलेलं होतं. टँकर तसाच उभा होता, नळी खाली लोंबत होती. घागरी रांगेत होत्या, पण रांगेत माणूस नव्हता. त्या दुष्काळात पाण्याची रांग सोडून सगळे एका बाईभोवती जमले होते. ते बघूनच मी ओळखलं, उशीर करून चालणार नाही.

बाई तिशीतली, घरची जनावरं बघायला रोज सकाळी गावातून छावणीत येणारी. रडत नव्हती. पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. नवरा मरायला टेकला की बाई एक तर ऊर बडवते नाही तर दगड होते. ही दोन्ही करत नव्हती. ही काहीतरी लपवत होती.

तिचा दीर, म्हणजे ड्रायव्हरचा धाकटा भाऊ, ओरडत होता. "साहेब, रोज सकाळी ही दादाच्या हातावर कायतरी ठिवती. आईनं डोळ्यानं बघितलंय."

"तू बघितलंस का?"

"आईनं बघितल्यावर म्या कावून बघू?"

मी बाईला विचारलं, "काय देतेस नवऱ्याला?"

"काय न्हाई."

"पदरात काय आहे?"

"काय न्हाई, साहेब."

महिला शिपायानं तिला ताडपत्रीच्या आडोशाला नेऊन झडती घेतली. पदराच्या गाठीत गोळ्यांची पट्टी निघाली, अर्धी संपलेली. वरची अक्षरं इंग्रजी, मला ती येत नव्हती.

"बघा!" दीर म्हणाला. "सापडलं का न्हाई इख?"

मागून कुणीतरी ढेकूळ फेकलं, ते तिच्या खांद्यावर फुटलं. तरी ती रडली नाही. मी तिला जीपमध्ये बसवलं, पंच बोलावून पंचनामा केला, पट्टी पाकिटात घालून सील केली. तिनं सकाळी घरून आणलेलं चहाचं भांडं आणि भाकरीची टोपलीही ताब्यात घेतली. माझ्या मनात गुन्हा तयार होता. फक्त कलम लावायचं राहिलं होतं.

दवाखान्यात ड्रायव्हरला सलाइन आणि ऑक्सिजन लावलेला होता. तोंड सुजल्यासारखं लाल, छाती भात्यासारखी चाललेली. डॉक्टरांना पट्टी दाखवली. ते पट्टी बघून माझ्याकडे बघायला लागले.

"हे विष नाही हवालदार. दारू सोडवायची गोळी आहे. ही अंगात असताना माणसानं दारू घेतली की अशी गत होते. तोंड लाल, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब खाली. जास्त झालं तर जीवही जातो. म्हणून ही पेशंटला सगळं समजावून, त्याच्या मर्जीनंच देतात. चोरून चहात घालायची गोळी नव्हे ही."

माझा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला. बायका अशी गोळी कुठून तरी मिळवून कालवणात घालतात, हे मी ऐकून होतो. नवऱ्याला न सांगता दिली असेल आणि तो नेहमीसारखा प्यायला असेल, तर गुन्हा होताच. मी बाईला व्हरांड्यात बसवून चौकशी सुरू केली.

"चोरून देत होतीस?"

"न्हाई. त्येंच्या हातावर ठिवते. त्ये माझ्याम्होरं गिळत्यात. आमी दोघं अंबाजोगाईच्या दवाखान्यात गेलतो. तितं डाक्टरनं त्येंना समदं सांगितलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"त्येंनी शपथ घातलीया. दारू सोडायला बायकूच्या हातची गोळी लागती म्हून गाव हासंल म्हणले. आत्याबाईला, त्येंच्या आईला बी कळू देऊ नगं म्हणले." मग पहिल्यांदा तिचा आवाज फुटला. "चेरमन म्हणलेत, दारू सुटली न्हाई तर टँकरवर बसवणार न्हाई. टँकर गेला की त्ये पुन्ना गुत्त्यावर जात्याल. मग मला कोण हाय?"

मला खरं वाटलं नाही. प्रत्येक संशयिताजवळ अशी एक शपथ असते, जिला साक्षीदार नसतो. आणि जो साक्षीदार होता तो आत बेशुद्धीत बडबडत होता.

मी आत गेलो आणि ड्रायव्हरच्या तोंडाशी वाकून वास घेतला. हातभट्टी, देशी, शिंदी, मला सगळं ओळखू येतं. आयुष्यभर तेच हुंगलंय. पण हा वास त्यातला नव्हता. गोडसर, कडसर, लवंगेसारखा. हा वास आपल्या चांगला ओळखीचा आहे असं वाटत होतं आणि सापडत नव्हता.

मग दिराला बाजूला घेतलं. दोघं भाऊ पूर्वी बरोबर प्यायचे, हे बीटवर सगळ्यांना माहीत होतं. "खरं बोल बे. तूच पाजलीस."

"आईची आन, म्या न्हाई पाजली. त्यो प्यायचा बंद झाल्यापून म्या त्याच्याम्होरं पीत बी न्हाई."

"का?"

"त्याच्या तोंडाला पाणी सुटतं, साहेब. बघवत न्हाई."

हे रचून बोलता येत नाही. मी त्याला सोडलं.

तेवढ्यात संस्थेचे चेअरमन आले. पांढरा शर्ट, तोंडात पान. पलंगाकडे लांबूनच बघून म्हणाले, "प्यालाच असणार, जमादार. आमचं बी ह्येच म्हणणं होतं. कुत्र्याचं शेपूट सरळ होतंय व्हय? उद्यापून दुसरा ड्रायव्हर बसवतो."

बाईनं ते ऐकलं. तिनं मान खाली घातली.

मी गावात त्यांच्या घरी गेलो. सकाळी तो घरून काय खाऊन निघाला, ते बघायचं होतं. घरात ओव्याच्या धुरीचा धूर भरलेला. ड्रायव्हरची बहीण बाळंतपणाला माहेरी आलेली होती, खोलीत बाजेखाली शेगडी होती. त्याची आई, साठीतली म्हातारी, नातवंडाला मांडीवर घेऊन बसली होती. मला बघितल्याबरोबर म्हणाली, "धरलं का त्या अवदसंला?"

मी घरात नजर फिरवली. दिवळीत तपकिरी बाटली होती. मी बूच काढून नाकाशी धरली आणि तिथंच थांबलो.

तोच वास. दशमूलारिष्ट. आमच्या पोलीस लाइनीतल्या खोलीत थोरल्याच्या बाळंतपणात माझ्या सासूनं आणून ठेवलं होतं. आमची ही ते पिताना तोंड असं वाकडं करायची की मी हसायचो, आणि ती उरलेला घोट माझ्या तोंडाला लावायला यायची. ती आता नाही. गेल्या वर्षी गेली. बाटलीचा तो वास मात्र अजून नाकात आहे.

"मावशी, हे कुणाला देता?"

"बाळंतिणीला."

"आणखी कुणाला?"

म्हातारी नातवंडाचं दुपटं सारखं करायला लागली. मी जमिनीवर बसलो. उभ्या पोलिसाला म्हातारी माणसं खरं सांगत नाहीत, बसलेल्याला सांगतात.

"मावशी, दवाखान्यात तुमच्या पोराच्या तोंडाला हाच वास येतोय."

"मंग? म्या त्याची आई हाय!" ती उसळली. "लेकरू वाळून कोळ झालं. त्यी रोज सकाळी लपून लपून त्याच्या हातावर कायतरी ठिवायची. म्या डोळ्यानं बघितलं. काय घालती, काय करती, कुणाला ठावं? म्हनलं, ह्ये अंगात ताकद आणतंय, तिनं घातल्यालं काय आसंल त्ये उतरून जाईल. आज पैल्यांदा दिलं. पेलाभर."

"त्याला सांगून दिलंत?"

"ताकदीचं औषध म्हनलं. आईनं दिलं, त्यो प्याला. त्यात काय हाय एवढं?"

मी तिला जीपमध्ये घेतलं, बाटलीही घेतली. डॉक्टरांनी बाटली बघितली आणि कपाळाला हात लावला. अरिष्ट आंबवून करतात, त्यात थोडी दारू आपोआप तयार होते. बाळंतीण चार चमचे घेते, तिला काही होत नाही. पण गोळी घेणाऱ्या माणसानं पेलाभर घेतलं की दारू प्यायल्यासारखंच.

म्हातारी तिथंच भिंतीला टेकून बसली. "म्हंजी म्याच?"

सून कोपऱ्यात उभी होती, खांद्यावर ढेकळाची माती तशीच.

दुपार कलल्यावर ड्रायव्हर शुद्धीवर आला. मी जबाब घेतला. बायकोनं सांगितलेलं प्रत्येक वाक्य तसंच निघालं, अंबाजोगाईचा दवाखाना आणि शपथेसकट. जबाब संपल्यावर त्यानं उलटा मलाच प्रश्न केला. "साहेब, माझं स्टेरिंग गेलं का?"

चेअरमन दारातच होते. म्हणाले, "जमादार, ह्यो उद्या पुन्हा प्याला तर? तुमी हमी घेता का?"

"मी कुणाचीच हमी घेत नाही, पोलीस आहे. मी वास घेतलाय. हा माणूस दारू प्यायला नव्हता, तेवढं लिहून देतो. गाडी त्याला द्यायची का नाही, ते तुम्ही ठरवा. पण तो प्याला असं छावणीत सांगाल, तर ते खोटं असेल."

ते पान चघळत राहिले. मग म्हणाले, "डाक्टर चालव म्हणले की येऊ द्या."

सील फोडून, पोच घेऊन मी मुद्देमाल परत केला. पट्टी सुनेकडे द्यायची होती, तिच्याकडूनच जप्त केली होती. तिनं ती घेतली, पदराला गाठ मारायला लागली आणि मधेच थांबली. म्हातारीसमोर जाऊन बसली आणि पट्टी तिच्या हातात ठेवली.

"आत्याबाई, डाक्टर सांगतील तवापून तुमीच द्या त्येंना."

म्हातारीनं वर बघितलं नाही. "आन मला इसर पडला तर?"

"म्या हाय की."

डॉक्टर म्हणाले, नुसत्या गोळीवर दारू सुटत नाही, दवाखान्यात येत राहा, आणि गोळी चालू असेपर्यंत कसलंही अरिष्ट, आसव, काढा देताना आधी विचारा. दोघींनी एकदमच मान हलवली. मी गुन्हा दाखल न करता अहवाल पाठवला. टँकर पुढं पाऊस पडेपर्यंत त्यानंच चालवला. मी तो रस्त्यात थांबवायचो आणि कागद बघायचं निमित्त करून त्याचं तोंड हुंगायचो. त्याला ते कळायचं. तो न सांगताच तोंड पुढं करायचा.

संशय हे आमचं हत्यार. त्याच्याशिवाय पोलीस चालत नाही. पण ठाण्यात संशयाला पंच लागतो, जबाब लागतो, डॉक्टर लागतो. घरात त्याला काहीच लागत नाही. त्या घरात सगळ्यांना ड्रायव्हर जगायला हवा होता आणि कुणीच कुणाला काही विचारलं नव्हतं. तेवढ्यानं तो मरता मरता राहिला.

आता माझंच सांगतो. रक्तदाबाची गोळी माझ्या हातावर आमची ही ठेवायची. ती गेल्यावर सून ठेवते. मी रोज चष्मा लावून पट्टीवरचं नाव माझ्याजवळच्या रिकाम्या पट्टीशी अक्षर न् अक्षर ताडून बघायचो, मगच गिळायचो. ती बघायची आणि पाण्याचा तांब्या पुढं सरकवायची. परवा मात्र गोळी, पट्टी आणि माझा चष्मा, तिन्ही ताटलीत मांडून आणलं.

"घ्या मामा, आधी पंचनामा करा."

मी चष्मा उचलला, खिशात ठेवला आणि गोळी घेतली.