पाटांवरचा चढ

मुलीनं ते धावायचं मशीन तिच्या बाबांसाठी घेतलं होतं. डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं होतं. ते जेमतेम महिनाभर चालले. ते गेल्यावर मी मशीनवर ओले टॉवेल वाळत घालायची. मग एक दिवस टॉवेल काढले आणि मीच चालू लागले. घरात कसला तरी आवाज झाला, तेवढंच बरं वाटलं.

बाहेर बगीच्यात धावायचं धाडस माझ्यात नव्हतं. कॉलनीत सगळे ओळखीचे, आणि कोणी नुसतं बघितलं तरी माझे पाय अडखळतात. मी खिडकी लावून, भिंतीकडे तोंड करून धावत असे. भिंतीवरचा पोपडा मला पाठ झाला होता. दीड वर्षात दोन तास न थांबता धावता यायला लागलं.

मुलगी बंगळूरला असते, रविवारी फोन करते. तिला म्हटलं, आपल्या इंदूरच्या मॅरेथॉनमध्ये माझं नाव घाल, एकवीस किलोमीटरच्या. ती हसली.

"आई, मशीनवर धावून कोणी मॅरेथॉन धावतं का? रस्ता वेगळा असतो गं."

तरी तिनं नाव घातलं. म्हणाली, "निदान मशीनला थोडा चढ दे. सपाटावर फार सोपं जातं."

चढाचं बटण असतं हे मला ठाऊक नव्हतं. मी चौथी शिकलेली, मशीनवर सगळं इंग्रजी, आणि विचारायची लाज वाटली. मी स्वयंपाकघरातून दोन पाट आणले. मशीनचं तोंड कसंबसं उचलून त्याच्या पुढच्या दोन्ही पायांखाली एकेक पाट सरकवला. सणावारी आम्ही दोघं त्याच पाटांवर जेवायला बसायचो. आता ते रिकामेच होते.

तीन तासांच्या आत पोचायचं होतं, त्यानंतर शेवटाची ती हवा भरलेली कमान उतरवतात. खोलीत एकटीनं केलेलं बाहेर चालतं का, एवढंच मला बघायचं होतं.

त्या सकाळी मी सलवार-कुर्त्यात सगळ्यांच्या मागे उभी राहिले. वाटेत मोठा पूल होता. जाताना ओलांडायचा, येतानाही ओलांडायचा. चढावर लोक चालायला लागले, मी मात्र धावतच होते. पाटांची कृपा. महूहून आलेली एक मुलगी माझ्या बरोबरीनं धापा टाकत होती.

"आंटीजी, प्रॅक्टिस कहाँ करती हो?"

"घर में."

"घर में पहाड़ है क्या?"

मला हसू फुटलं. धावताना शेजारी कोणी बोलतंय, हे पहिल्यांदाच होत होतं.

मग उतार लागला आणि माझ्या मांड्या लटपटायला लागल्या. पाऊल पडायचं तिथे पडेना. हात आपोआप मशीनची दांडी शोधत होते. ती मुलगी म्हणाली, "छोटे कदम रखो आंटीजी, पीछे मत झुको." माझ्यासाठी ती बराच वेळ हळू धावली. तिचाही वेळ जात होता. मीच म्हटलं, "तुम जाओ बेटा." ती गेली. तिचं नाव विचारायचं राहिलं.

परतताना पुन्हा चढ जमला आणि पुन्हा उतारानं मला मोडलं. शेवटचा सगळा रस्ता मी चालत आले. पोचले तेव्हा कमानीतली हवा काढून ती जमिनीवर पसरली होती. एक बाई म्हणाली, "आंटीजी, टाइम तो हो गया, पर पोहे खा लो." मी उभ्यानं पोहे खाल्ले. त्या मुलीला शोधलं, दिसली नाही.

घरी जिना एकेक पायरी, कठडा धरून चढले. संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"पोचलीस वेळेत?"

"नाही. चढ जमला, उतार जमला नाही."

"म्हटलं होतं ना मी?" मग म्हणाली, "आई, रडतेयस का?"

"नाही गं. पाय दुखतायत."

चार दिवसांनी पाय बरे झाले. मी पाट काढून पुसले आणि भिंतीला टेकवून ठेवले. पुढच्या सकाळी बूट घालून खाली उतरले. फाटकाशी शेजारच्या भाभी फुलं तोडत होत्या.

"अरे, काकी, सुबह-सुबह कुठे?"

"पुलावर," मी म्हटलं. "उतरायला."

त्या बघत राहिल्या. त्यांची नजर पाठीवर जाणवत होती. कोपऱ्यापर्यंत मी चालतच गेले. कोपरा वळल्यावर धावायला लागले.