आप्पा ससा बघायला जातात

जनावर घ्यायला गेलं की आमचे घरमालक आप्पा त्या जनावराकडे बघायचेच नाहीत. खरंच. समोर पांढरेशुभ्र ससे टुणटुण उड्या मारतायत आणि हे आपले पाठ करून जमीन बघतायत, कोपरे बघतायत, वाकून चक्क वास घेतायत. "आधी गोठा बघायचा," म्हणायचे. मी पाचवीत, मला कुठला दम निघतोय.

आम्ही मूळचे नांदेडचे. बाबांची नोकरी आयटी पार्कात, म्हणून जवळच्या माण गावात आप्पांच्या दोन खोल्या भाड्याने घेतलेल्या. दोन हजार पाच साल असेल. आप्पांची जमीन त्याच पार्कात गेलेली, बैल विकलेले. पण रिकामा गोठा ते रोज सकाळी झाडायचेच.

माझा पहिला ससा मी रस्त्यावर खोक्यात ससे विकणाऱ्याकडून घेतलेला. चार दिवसांत गेला. मी इतकी रडले की शाळा बुडली, आणि आईने बजावलं, आता शेवटचा, हाही गेला तर पुन्हा सशाचं नाव काढायचं नाही. म्हणून मी आप्पांना गळ घातली. आयुष्यभर बैल पारखलेला माणूस, त्याला ससा काय अवघड!

तर नुसते रविवार जायला लागले. शहरातल्या दुकानात काचेच्या पेटीत ससे होते, मला सगळेच हवे होते. आप्पांनी दुकानदाराला विचारलं, "ह्यांची आई कुटं हाय?" तो हसून म्हणाला, काका, माल बाहेरून येतो. आप्पा तडक बाहेर. पुढच्या रविवारी दुसऱ्या दुकानात एकाने पिल्लू थेट माझ्या हातातच दिलं, इतकं मऊ की बस. आप्पांनी त्याचे पुढचे पाय उलटून दाखवले. आतले केस ओले, चिकट. "सारखं नाक पुसतंय त्ये. सर्दी हाय. ठिव खाली." ठेवलं. येताना बसमध्ये मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. ते निवांत शेंगदाणे खात होते.

मग घोटावडे गाव. तिथल्या एका मावशींनी घरामागे ससे पाळलेले. आप्पा पिंजऱ्यापाशी उकिडवे बसले, लेंड्या बघितल्या, गोल आणि कोरड्या. वास नाही. पिल्लांची आईसुद्धा बघितली. मावशी वैतागल्या. "ससा न्यायला आलाय का सून बघाया?"

"सुनंला एवढं न्हवतं बघितलं."

मी एका पिल्लावर बोट ठेवलं तर मावशी म्हणाल्या, अजून दूध पितंय, दोन आठवड्यांनी या. मी रडकुंडीला आले. आप्पा मात्र खूश. "हितंच घ्यायचा. जी बाई देत न्हाई, तिच्याकडनंच."

दोन आठवड्यांनी तो घरी आला आणि मी त्याचं नाव स्नोई ठेवलं. आप्पा त्याला सर्जा म्हणायचे, हे त्यांच्या विकलेल्या बैलाचं नाव. गद्दार ससा 'सर्जा' म्हटलं की यायचा. त्या गोठ्यात दोन वर्षं राहिला, एकदा शिंकला नाही.

मग बाबांनी जांब्याला चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. मी सर्जाची पिशवीसुद्धा भरून ठेवलेली. पण आप्पा म्हणाले, आधी मी बघून येतो. भर दुपारी फ्लॅटवर आले. माझ्याकडे न बघता सरळ बाल्कनीत गेले, उकिडवे बसले, फरशीवर तळहात टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. फरशी तव्यासारखी तापलेली. मला कळलंच.

"सर्जा हितं टिकायचा न्हाई, पोरी. त्यो माझ्याकडंच ऱ्हाऊ दे."

आप्पा उठले ते माझ्या खोलीत गेले. कोपऱ्यातली भिंत चाचपली, ओल नाही ना. खिडकी उघडून वारा येतोय का बघितला. वाकून वाससुद्धा घेतला. आणि मग पहिल्यांदा वळून माझ्याकडे बघितलं.

"तू टिकशील," म्हणाले.