हाजराच्या हातातल्या बांगड्या

आमच्या सिंदेवाहीत बांगड्या भरणाऱ्या बाया कमी नाई, पण आमच्या गल्लीले हाजराच लागते. बोटं लय मऊ तिचे. अन् तोंड? बाप्पा! त्याचं नावच नोको काढू.

त्या दिवशी शेजारच्या गुणाबाईच्या ओसरीवर ती सुनेले, उर्वशीले, बांगड्या भरून राह्यली होती. मीही तिथीच होती. उर्वशीच्या मांडीवर दीड वर्साचा प्रणित, अंग तापलेलं. अन् एकदम पोट्ट्याचे डोळे फिरले, हातपाय झटके देऊ लागले. उर्वशीनं त्याले असं आवळलं का नव्या बांगड्या वाढल्या. मी त बोंबलतच सुटली. गुणाबाई कांदा अन् चमचा घेऊन धावली. झटका आला का कांदा हुंगवाचा अन् दातात चमचा घालाचा, हे आमच्या इथी ठरलेलं.

"तोंडात काईच घालू नोका!" हाजरा खेकसली. काचा बाजूले सारून तिनं पोट्ट्याले सतरंजीवर कुशीवर निजवलं अन् जवळ बसून राह्यली. थोड्या वेळानं झटके थांबले, पोट्टं रडलं.

मग गुणाबाई सुनेवर तुटून पडली. "तापाचं औषध चुकवलं हिनं! माय व्हय का कोण व्हय? जाय तुया माहेरी, पोट्टं मी पाहतो."

उर्वशीनं पोट्ट्याले उचलून छातीशी धरलं. मले असा राग आला! पण हाजराच बोलली, "माया पोट्ट्याले, नबीलले, मी तापाचं औषध वेळच्या वेळी पाजत होती, तरी झटका आला. सासू मलेही असंच बोलली. चला, डॉक्टरलेच विचारू."

दवाखान्यात डॉक्टरबाईनं पोट्ट्याले नीट तपासलं. म्हणाली, "तापाच्या औषधानं लेकराला आराम पडतो, म्हणून द्यायचं. पण त्यानं झटके टळतात असं संशोधनात दिसलं नाही. औषध घेतलेल्या मुलांनाही झटके आलेच. यात आईची चूक नाही. बहुतेक मुलांचं हे वाढत्या वयात थांबतं. पण झटका पाच मिनिटांत थांबला नाही, तर लगेच घेऊन या."

हे ऐकून आमची तोंडाळ हाजरा ओढणीत तोंड घालून हमसून रडली. नबील आता ऊर्जानगरात नोकरीले हाय. इतके वर्सं, तुयी चूक नाई असं कोणी तिले म्हटलंच नव्हतं.

घरी आल्यावर गुणाबाईनं सतरंजी झटकली. "भर वं सुनेच्या हातात," म्हणाली. माहेरचं नाव काई तिनं काढलं नाई. उर्वशीचे दोन्ही हात भरून झाले, हाजरा पेटी आवरू लागली, तवा गुणाबाईनं तिचाच हात धरला अन् पेटीतल्या हिरव्या बांगड्या एक एक करून तिच्या हातात चढवल्या.