हेम्याचा व्हायब्रॅटो

हेम्याचे हात त्याच्या आधी गेले.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्याला गॅदरिंगला नाहीतर कॉलेज रोडच्या कॅफेत वाजवताना ऐकलंय. त्यानंतरचं फारसं कुणाला माहीत नाही. म्हणून लिहितोय.

हेमंत दिवसा नाशकातल्या अंबडला एका कंपनीत मशीनवर असायचा, संध्याकाळी आमच्या बँडचा लीड गिटारिस्ट. मी बेसवर.

त्याच्याकडे पायाने दाबायचं एकच पेडल होतं, आवाज जरा जाड करणारं साधं ओव्हरड्राइव्ह. बाकी सगळं बोटांत.
एक नोट धरायचा. जरा थांबायचा. मग तारेवरचं बोट असं हलवायचा की ती नोट थरथरायला लागायची आणि कॅफेतली माणसं बोलायची थांबायची. ही थरथर म्हणजे व्हायब्रॅटो.

पेडल्सची लाईन लावणाऱ्यांची तो मजा घ्यायचा.

मग कंपनीत त्याच्या हातातून नटबोल्ट पडायला लागले. डावा हात आधी.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. नसांचा आजार आहे, स्नायू एकेक करून बंद पडत जातील, यावर औषध नाही.

मी सोबत होतो. बाहेर पार्किंगमध्ये आलो, मला गाडीची चावी सापडेना. हेम्या म्हणाला,
"सुन्या, सगळ्यात जास्त सस्टेन कुठल्या डिस्टॉर्शनला आहे रे?"

मला वाटलं याच्या डोक्यात अजून शिरलंच नाहीये. पण त्याच्या डोक्यात सगळं शिरलं होतं.
डिस्टॉर्शन लावलं की हलकीशी छेडलेली तारसुद्धा मोठी वाजते, नोट लवकर मरत नाही, तेच सस्टेन. म्हणजे जोर पेडल लावेल. आणि नोट हलवायला मॉड्युलेशन. त्याला अजून वाजवायचं होतं, एवढंच.

मग आम्ही पेडल्स शोधत सुटलो. नाशकात मिळतील ती, नाही तर मुंबई-पुण्याच्या सेकंडहँड ग्रुपवरून.

आधी फझ आणलं, सगळ्यात जाड डिस्टॉर्शन. नोट संपता संपत नव्हती. पण त्याला बाकीच्या तारा दाबून धरता येत नव्हत्या, त्यामुळे प्रत्येक चुकलेला स्पर्श तेवढाच मोठा ऐकू यायचा. नुसता कल्ला.
पेडल मीच काढलं.

मग फझपेक्षा मवाळ, मध्यम गेनचं डिस्टॉर्शन घेतलं. ते बसलं. फक्त मागे खरखर होती, म्हणून मी नॉइज गेट जोडला. खरखर कापणारं पेडल.
हेम्याने तार छेडली. आवाज आला नाही. परत छेडली. नाही.
त्याचा हात इतका हलका झाला होता की पेडल त्याच्या नोटलाच खरखर समजून कापत होतं.
त्या दिवशी तो पहिल्यांदा रडला.

मॉड्युलेशनमध्ये तर आणखी हाल. एका आवाजाचे दोन करणारा कोरस लावला तर म्हणाला, लग्नाचा ऑर्केस्ट्रा वाटतोय. आवाज गरगर फिरवणाऱ्या फेझरने त्याला मळमळायचं. व्हायब्रॅटो पेडल जवळचं होतं, पण ते नोट लागल्या क्षणापासून एकसारखं हलत राहायचं, टेबल फॅनसारखं. हेम्याचा व्हायब्रॅटो नोट जरा स्थिरावल्यावर सुरू व्हायचा.

शेवटी एक मिळालं. पायाने बटण दाबून धरलं की थरथर हळूहळू वाढते, सोडलं की थांबते.
ते कुरियरने येईपर्यंत हेम्याचे पायही गेले होते.

मखमलाबादला त्यांचा फुलांचा मळा आहे. घरात तो आणि वडील, आप्पा, दोघंच. आप्पांना गिटारचा कायम राग होता. झेंडू तोडायला माणूस नाही आणि पोरगं तारा वाजवतं, असं ते माझ्यासमोर म्हणायचे.

पेडल आल्यावरच्या रविवारी दुपारी मी हेम्याची गिटार ओपन ट्यून केली, म्हणजे बोट न दाबताही सूर लागेल अशी. ती धरायला मी त्याच्या खुर्चीमागे उभा. बटण दाबायला कुणीच नाही.
आप्पा आले, फरशीवर बसले आणि म्हणाले, "कुठं दाबायचं सांग."

हेम्याने अंगठ्याने तार छेडली. नोट लागली, थांबली. आप्पांनी बरोबर त्या जागी तळहाताने बटण दाबलं.
तोच आवाज. अगदी तोच.

नंतर मी आप्पांना विचारलं, कधी दाबायचं ते कसं कळलं.
"त्याच्या भुवया बघतो मी. लहानपणापासून बघतो."

तीन-चार रविवार हे चाललं. मग उजवा अंगठा गेला. मग बोलणं. मग श्वास.

अंत्यविधीनंतर आप्पा आणि मी अमरधामच्या बाहेर पायरीवर बसलो होतो. ते मग म्हणाले,
"शेवटी भुवया बी गेल्या रे त्याच्या. काय पाहिजे व्हतं, मला कळलंच नाय."


त्या रविवारांचं रेकॉर्डिंग नाही. माझे हात गिटार धरण्यात गुंतलेले, आप्पांचे बटणावर. आणि खरं सांगायचं तर तेव्हा कुणाला सुचलंही नाही.

पेडल्स आप्पांनी मला दिली. नॉब होते तिथेच आहेत, मी हलवलेले नाहीत. लावून बघितलं. माझ्याकडून तो आवाज येत नाही. ज्यांनी त्याला ऐकलंय त्यांच्या कानात उरला असेल तेवढाच. माझ्या कानातून तर आताच पुसट व्हायला लागलाय.

हेम्या, गेल्या वर्षी तुझ्यासाठी एक ओळ लिहायची हिंमत झाली नाही.
आज लिहिली.
येतो मित्रा. आप्पांकडे जायचंय.