बिनदाण्याचं भरीत

जर्मनीत ऑफिसच्या जेवणात भाजलेल्या वांग्याचा वास आला. "यात शेंगदाणे आहेत का?" मी विचारलं. दाण्याच्या कणानेही माझा घसा सुजतो. वेटर म्हणाला, "नसावेत बहुतेक." मी ताटली तशीच ठेवली.

शिरपूरच्या मळ्यातली भरीत पार्टी आठवली. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी काकू लाकडी मुसळाने ठेचत होती. त्या दिवशी तिने दाणे घातलेच नाहीत, फोडणीला तेलही सोयाबीनचं. नाना कुरकुरले, "दाणा नाही, ते भरीत कसलं?" काकू म्हणाली, "पोर जेवाले बठेल शे. आज बठ्ठासनी हाईच खावानं." माझ्यामुळे सगळ्यांना तेच खावं लागणार, या शरमेने मी जेवण होईपर्यंत मान वर केली नाही.

आता परक्या भाषेत रोज तोच प्रश्न विचारून थकून गेलेय. त्या पंगतीत तो मला विचारावाच लागला नव्हता.