वाटेवरचा हातभर पाला

बागेतल्या दाट झाडीतून जाणारी चार किलोमीटरची पायवाट एकतीस वर्षं एकाच माणसाने झाडली. तीही अशी, की सकाळी फिरायला येणाऱ्यांना पाऊल टाकण्याआधी बूट पुसावेसे वाटायचे. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं होतं. सगळी बाग त्यांना चकाचककाका म्हणायची. काकांना हे नाव मनापासून आवडायचं, काकूंना मुळीच नाही. "बाहेर चकाचक, आणि घरी चहाचा कप तीन दिवस खिडकीत!" असं त्या आल्यागेल्याला ऐकवायच्या.

झाडांनी पानं गाळायची आणि यांनी एकही शिल्लक ठेवायचं नाही, असा तो उभा दावा होता. काकांचा खरा अभिमान म्हणजे त्यांचं सेवापुस्तक. शेऱ्याचं पान कोरं करकरीत! महिनाअखेरीला निवृत्ती होती. निरोपाच्या कार्यक्रमात साहेबांनी ते पान सगळ्यांसमोर उघडून दाखवायचं, हे काकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. काकूंनी त्या दिवसासाठी नव्या चपलाही आणल्या होत्या.

पक्ष्यांचा नाद त्यांना लावला दुर्बीणवाल्या बाईंनी. बाई शाळेतल्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, आवाजात अजून छडी असलेल्या. "खराटा थांबवा, तो उडेल!" हे त्यांचं काकांशी पहिलं बोलणं. काका तणतणले. मग बाईंनी दुर्बीण त्यांच्या डोळ्यांना लावली, आणि काका कामातून गेले. त्यानंतर ते झाडताना मध्येच थांबून झाडांकडे बघत उभे राहू लागले.

मागच्या वर्षी मात्र त्यांनी माती खाल्ली. ढोलीत घुबडाचं घरटं दिसलं आणि हरखून एकाला, फक्त एकालाच, सांगितलं. "कुणाला बोलू नका हं." दोन दिवसांत झाडाखाली चाळीस कॅमेरे. तिसऱ्या दिवशी घुबडं अंडी तशीच सोडून निघून गेली. बाई त्या झाडाखालून दुर्बीण डोळ्यांना न लावताच निघून गेल्या, आणि ते काकांना फार लागलं. त्यांनी कानाला खडा लावला: यापुढे घरटं दिसलं तर तोंडाला कुलूप, अगदी बाईंपुढेसुद्धा.

निवृत्तीला अठरा दिवस उरले असताना, एका वळणावर, खराट्यापुढच्या पाल्याने डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं. रातवा! अंगावर वाळक्या पानांचाच रंग, त्यामुळे दिवसा पाल्यात बसला की कुणाच्या बापाला दिसत नाही. घरटं बांधायच्या भानगडीत न पडता हा पक्षी सरळ जमिनीवर अंडी घालतो. मादी जरा सरकली तेव्हा खाली दोन अंडी दिसली. खराटा वीतभर अलीकडे थांबला होता. काका पाय न वाजवता मागे सरकले.

तेव्हापासून सगळी वाट लखलखीत आणि वळणावर हातभर पाला. रोज तिथून जाताना काकांचे हात शिवशिवायचे.

पाचव्या दिवशी नवे साहेब तपासणीला आले. सोबत कारकून आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला फोटोवाला. साहेब नेमके वळणावर थांबले. मादी त्यांच्या बुटापासून दोन विती अंतरावर, डोळे मिटून.

"हे काय?"

"पाला, साहेब."

"तो दिसतोय मला. झाडला का नाही?"

साहेब काही वाईट माणूस नव्हते. सांगितलं असतं तर ऐकलंही असतं. शब्द ओठांवर आले. तेवढ्यात फोटोवाल्याने कॅमेऱ्याचं झाकण काढलं.

"राहून गेलं, साहेब."

"एकतीस वर्षांत कधी राहिलं नाही म्हणतात. आणि नेमकं आज?"

"वय झालं, साहेब." ही गोष्ट काकांनी आजवर काकूंपुढेही कबूल केली नव्हती.

साहेबांनी उभ्याउभ्याच शेरा लिहिला: 'कामात हयगय.' हा सेवापुस्तकात चढवा, असं कारकुनाला बजावलं. काकांनी खाली सही केली. त्यांना रडू येईल इतकं वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

"आत्ताच्या आत्ता झाडून घ्या," साहेब म्हणाले.

"हो, लगेच. तुम्ही व्हा पुढे. जरा या बाजूने, साहेब, तिकडे पाय घसरतो."

साहेब बाजूने गेले, त्यांच्यामागून बाकीचेही. ते झाडीआड दिसेनासे होईपर्यंत काका मघाशीच झाडलेली स्वच्छ वाट खरखर आवाज करत पुन्हा झाडत राहिले.