काउंटरपलीकडची आई

ऑक्टोबरातल्या दुपारी एकच्या सुमारास जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या जुन्या पेठेत ताज्या भाजलेल्या ब्रेत्सेलचा, त्या पीळदार पावाचा, जो वास दाटून असे, त्यात गोडवा मुळीच नसे. खारट, किंचित करपट असा तो गंध ओल्या पानांच्या कुबट वासात मिसळून रस्ताभर रेंगाळे आणि शाळा सुटलेली आम्ही मुलं त्याच्या ओढीनं उतार उतरत येत असू. त्या उतारावर तेव्हा एक वह्या-पेनांचं दुकान होतं, तिथले वृद्ध मालक शाईची नवी पेनं कागदाच्या कपट्यावर चालवून बघू देत. त्याला लागून लोकरीचे गुंडे आणि बटणं विकणारं दुकान, समोर चपला-बुटांची दुरुस्ती. दरवर्षी यांतल्या एखाद्या काचेवर आतून पिवळट कागद चिकटवलेले दिसत, आणि काही दिवसांनी तिथे काय होतं हे आठवेनासं होई. गाव असं हळूहळू हातातून सुटत असताना मी मात्र त्याला घट्ट धरू पाहत होते, कारण २०१३ साली, बाराव्या वर्षी, मी पुण्याहून इथे आले होते आणि मला दुसरं काही धरायला नव्हतं.

बाबांना मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअरची नोकरी मिळाली म्हणून आम्ही आलो. आई पुण्यातल्या एका शाळेत चौदा वर्षं मराठी शिकवत होती. करंदीकर बाई वर्गात आल्या की बाकांचा खडखडाट होऊन चाळीस मुलं एकदम उभी राहत; मी त्याच शाळेत होते, त्यामुळे मीही उभी राहत असे. इथे आल्यावर तिचा आवाजच जणू उतरला. स्वयंपाकघराच्या फळ्यांवर तिनं जर्मन शब्दांच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या आणि कुकरच्या शिट्ट्यांच्या मधल्या शांततेत ती ते शब्द पुटपुटत असे. खिडकीबाहेरच्या पांढुरक्या, निस्तेज उजेडात तिची ती आकृती मला अस्वस्थ करी. ती वाट कशाची बघते आहे, हे मला कळत नसे.

दोन वर्षांनी एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "अहो, मला पेठेतल्या बेकरीत काम मिळालंय. सकाळी सात ते दुपारी दोन."

बाबांचा घास हातातच राहिला. "पण तुला कशाला त्याची गरज?"

"मला आहे," आई म्हणाली, आणि तिनं त्यांच्या पानात भात वाढला.

मी मान खाली घालून जेवत राहिले. माझं काय बिनसलं होतं, ते त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं. पहिलं वर्ष शाळेत मी जवळजवळ मुकी होते; मोठ्या मुश्किलीनं लेना आणि याना अशा दोन मैत्रिणी मिळाल्या होत्या, आणि लेनानं एकदा तुझी आई काय करते असं विचारलं तेव्हा मी सांगितलं होतं, ती शिक्षिका आहे. क्रियापद भूतकाळी हवं होतं. व्याकरण मला चांगलं येत होतं. तरीही मी वर्तमानकाळच वापरला.

त्यानंतर शाळा सुटली की मी दोघींना चर्चच्या मागच्या लांबच्या रस्त्यानं नेऊ लागले. कधी मी म्हणे तिकडे उन्हं छान पडतात, कधी म्हणे बस लवकर मिळते. एका दुपारी मात्र अवचित पावसाची सर आली, लेनानं माझा दंड धरला आणि आम्ही तिघी धावत नेमक्या त्याच दारातून आत शिरलो.

काचेच्या कपाटामागे आई उभी होती. तपकिरी एप्रन, केस टोपीत कोंबलेले, हातात पातळ मोजे. आयुष्यात ज्यांना कधी शिवली नव्हती ते मांसाचे काप ती एका गिऱ्हाइकासाठी पावात भरत होती. तिनं मान वर केली. मी तिच्याकडे पाहिलं, आणि माझ्या चेहऱ्यावर त्या क्षणी काय उमटलं ते मला आजही माहीत नाही, कारण ते फक्त तिला दिसलं. लेनाचं झालं, यानाचं झालं. मग माझ्याकडे वळून, परक्या मुलीकडे वळावं तशी, आई नीटस जर्मनमध्ये म्हणाली, "वास डार्फ्स झाइन?"

काय देऊ, असं माझी आई मला विचारत होती.

"एक ब्रेत्सेल," मी म्हणाले. "बिट्टे." कृपया, असं परक्याला म्हणावं तसं.

तिनं ते कागदी पिशवीत घालून पुढे केलं, आमची बोटं एकमेकींना लागली, आणि ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. बाहेर पत्र्याच्या छपराखाली उभं राहून खाताना लेना म्हणाली, "ती बाई पण इंडियाचीच वाटते. ओळखतेस?"

"नाइन," मी म्हणाले. नाही.

घरी गेले तेव्हा आई आमटीला फोडणी देत होती. "हात धू," एवढंच ती म्हणाली. त्याबद्दल ती त्या दुपारी बोलली नाही, त्या आठवड्यात बोलली नाही. थंडी सरली, चेरीची झाडं फुलून गळून गेली, तरी बोलली नाही. तिनं मला सावरून घेतलं, माझ्या लाजेवर पांघरूण घातलं, असं मी मनाशी म्हणे, आणि त्या औदार्यानं गुदमरे. तिनं एकदा ओरडावं, निदान रडावं, अशी वाट पाहत मी तिच्या आसपास घुटमळत राही, पाणी नको असताना पाणी मागे, नेसूची साडी आवडली असं उगाच सांगे. ती फक्त हसे.

पुढे बेकरीच्या वयस्क मालकीणबाईंचे गुडघे साथ देईनासे झाले आणि त्यांनी दुकान बंद केलं. आई एका बालवाडीत मदतनीस म्हणून जाऊ लागली. मी शिकायला हायडेलबर्गला गेले. लेनाशी संबंध सुटला, ते खोटं मात्र कधी दुरुस्त झालं नाही.

२०२२ च्या वसंतात सुट्टीला घरी आले असताना आम्ही दोघी पेठेतून चाललो होतो. बेकरीच्या जागी आता मोबाइलचं दुकान होतं, आत निळा प्रकाश. आई भाजीच्या यादीत गुंतली होती. माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "आई, त्या दिवशी मी तुला ओळख दाखवली नाही."

ती थांबली. कोणता दिवस, असं तिनं विचारलं नाही.

"मी तरी कुठे दाखवली?"

"ते तू माझ्यासाठी केलंस."

"नाही गं सई." यादीची घडी घालत ती म्हणाली, "तुम्ही आत आलात आणि मला तू दिसलीस. तू मला पुण्याच्या वर्गात पाहिलं होतंस. तू मला 'आई' म्हणाली असतीस, तर त्या टोपीत, त्या मोज्यांत उभी आहे ती मीच, हे मला कबूल करावं लागलं असतं. म्हणून तू तोंड उघडायच्या आत मीच विचारून टाकलं. नंतर वाटलं, पोर काय म्हणत असेल! तुझ्याकडे बघायचं धाडस होईना."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते."

उन्ह तिरपं होऊन तिच्या कानाजवळच्या पांढऱ्या बटांवर आलं होतं. इतकी वर्षं मी तिच्या क्षमेचं ओझं वागवत होते, आणि ती क्षमा तिनं केलेलीच नव्हती. ती आपल्या ठिकाणी माझ्याच नजरेला भीत होती. हलकं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. अपराध माझा होता तोवर त्या गोष्टीत मीच मोठी होते. आता तिथे एक बाई उभी होती, जिच्याविषयी मी काहीच विचारलं नव्हतं.

"पहिल्या दिवशी कसं वाटलं होतं गं तुला तिथे?" मी विचारलं.

मी खरंच विचारते आहे, याची आईनं माझ्या चेहऱ्यावरून खात्री करून घेतली. मग ती चौकातल्या बाकावर बसली, शेजारी मला जागा केली, आणि म्हणाली, "सकाळी अंधारच होता. मी दारापाशी जाऊन दोनदा परत फिरले होते."